हद्दपार ब्रिटिश कैद्याचा माग: लंडनचं दफ्तर की होबार्टचं?

१७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात धाडले. त्यातल्या एखाद्याचा माग काढायला बसलं की पहिला मोह होतो तो ओल्ड बेली कोर्टाच्या संकेतस्थळाचा. १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले, फुकट, आणि वाचायलाही चटकदार. पण खटला म्हणजे माणसाच्या आयुष्यातली जेमतेम काही मिनिटं. शिवाय हे कोर्ट मुख्यतः लंडन-मिडलसेक्सपुरतं. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवरची मेरी रीबी घ्या. घोडा चोरल्याबद्दल तिला शिक्षा झाली स्टॅफर्डला, मुलाच्या वेशात असताना. तिचा खटला इथे सापडायचा कसा?

कैदी टास्मानियात, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डिमेन्स लँडमध्ये उतरला असेल, तर माझ्या मते डोळे झाकून तिथल्या राजधानीच्या, होबार्टच्या दफ्तरापासून सुरुवात करावी. तिथल्या वर्तन-नोंदवह्या घरबसल्या फुकट पाहता येतात. १८४० नंतरचं एखादं पान उघडा: उंची, केसांचा रंग, दंडावरचं गोंदण, धर्म, धंदा, लिहिता-वाचता येतं का, आणि खाली बारीक, गिचमिड अक्षरात वर्षानुवर्षांचे गुन्हे. दारू पिऊन सापडला, कामावरून पळाला, इतके दिवस एकांतकोठडी. कारकुनांचे संक्षेप डोकं खातात खरे, पण पाचपन्नास ओळी वाचल्या की हात बसतो.

न्यू साउथ वेल्सचा कारभार विखुरलेला. जहाजावरची यादी एकीकडे, तिकीट ऑफ लीव्ह (शिक्षा संपण्याआधी ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःचं काम करण्याचा परवाना) दुसरीकडे, सुटकेचा दाखला तिसरीकडे. सूची फुकट, मूळ पानांच्या प्रतिमा मात्र बऱ्याचदा वर्गणीच्या संकेतस्थळावर. तरी तिकीट सोडू नका. माणसाला कुठल्या जिल्ह्यात राहायची मुभा होती ते त्यावर असतं, आणि पुढचा शोध तिथूनच सुरू होतो. बाई असेल तर लग्नाच्या परवानगीची नोंद आधी बघा, नाहीतर आडनाव बदललं की माग तुटला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० नंतर फक्त पुरुषच गेले, त्यामुळे तिथे ही कटकट नाही.

डिजिटल पॅनॉप्टिकॉन हे संकेतस्थळ लंडनचा खटला आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदी ही दोन्ही टोकं जोडून देतं, लंडनच्या कोर्टात शिक्षा झालेल्या सुमारे ९०,००० कैद्यांची. सोय मोठी, पण ही जुळणी बरीचशी संगणकाने केलेली. जॉन स्मिथ शेकड्याने असतात. जहाज, खटल्याचं ठिकाण आणि तारीख तिन्ही जुळल्याशिवाय तो आपलाच माणूस म्हणू नये. जहाजच ठाऊक नसेल, तर ब्रिटिश गृहखात्याची हद्दपारीची रजिस्टरं पाहावीत: ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांचा क्रमांक एचओ ११.