लिफ्ट केलेल्या जिप्सीचा शाफ्ट: उद्यमबागेतलं चोख काम

मारुती जिप्सी लिफ्ट केली, म्हणजे दोन इंच उचलली, की मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याचा सरकता सांधा म्हणजे स्लिप जॉइंट बाहेर सरकतो आणि वेग धरला की गाडी थरथरते. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्यांकडं हे काम मनापासून होतं. खोलण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडायच्या चकतीवर) खूण करतात. क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्यातल्या चौफुलीच्या) एका कपातल्या बेअरिंगच्या सुया गंजलेल्या दिसल्या तरी अख्खा क्रॉस बदलतात, नुसतं ग्रीस मारून परत देत नाहीत. पाइप लांबवताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत ठेवतात, मग मशीनवर बॅलन्स. हे फार महत्त्वाचं! पिनियनचा (मागच्या एक्सलमध्ये शाफ्ट ज्याला जोडतात त्या गिअरचा) कोन मात्र आवर्जून मोजायला सांगा. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) फ्लँजशी तो समांतर नसेल तर नवा क्रॉसही लवकर जातो. जांबोटी-चोर्ल्याचा चढ मारून आलात की फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा.