क्रिएटिव्ह कॉमन्सचा शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम : परवाने नेमके, कायदा मात्र अमेरिकेचा

आपले साहित्य इतरांना ठरावीक अटींवर वापरू देण्यासाठी लेखक-कलावंतांना तयार परवाने पुरवणारी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था शिक्षक व ग्रंथपालांसाठी चालवत असलेल्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला शुल्क आहे. परंतु त्याचे पाचही पाठ संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि प्रमाणपत्राची गरज नसणाऱ्या शिक्षकाला ते पुरेसे आहेत.

संस्थेच्या इतिहासाचा पहिला पाठ चाळला तरी चालेल. खरा ऐवज तिसऱ्या व चौथ्या पाठांत आहे. ‘बाय-एसए’ (श्रेय द्या, नवी कृती त्याच परवान्याखाली ठेवा) आणि ‘बाय-एनसी-एसए’ (त्याच अटी, शिवाय व्यापारी वापर नको) या परवान्यांखालील दोन मजकूर एकमेकांत मिसळून नवा पाठ का तयार करता येत नाही, मात्र तेच मजकूर मूळ रूपात एका संग्रहात शेजारी ठेवायला हरकत का नाही, हे त्यातून स्पष्ट होते. श्रेय देताना शीर्षक, कर्ता, स्रोत आणि परवाना या चारही गोष्टी नोंदवाव्यात, हा धडा तर ‘साभार : गूगल’ एवढ्यावर भागवणाऱ्या आपल्याकडच्या सादरीकरणांसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत उतरवता येत असल्या, तरी सर्व हक्क मंडळाकडे राखीव असल्याने ती मुक्त शैक्षणिक संसाधने, म्हणजे कोणालाही बदलून पुन्हा वाटता येईल असे साहित्य, ठरत नाहीत, हेही या विवेचनाच्या आधारे सहज ताडता येते.

कायद्यावरचा दुसरा पाठ मात्र जपून वाचावा. त्यातील ‘फेअर यूज’ची, म्हणजे परवानगीविना करता येणाऱ्या रास्त वापराची, चर्चा मुख्यतः अमेरिकी कायद्याची आहे. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५२ लागू होते. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा त्यात स्वतंत्र अपवाद आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली त्याचा अर्थ केवळ वर्गातील तासापुरता संकुचित ठेवला नाही. कॉपीराइटच्या मुदतीचा हिशेबही येथे वेगळा आहे : लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०११पासून हक्कमुक्त आहे. असे उदाहरण अभ्यासक्रमात सापडण्याची अपेक्षा अर्थातच ठेवू नये.

भाषा इंग्रजी आणि जागोजागी कायदेशीर असल्याने मराठी माध्यमाच्या शिक्षकाला ती जड जाईल. पण अभ्यासक्रमाचा स्वतःचा मजकूर, अन्यथा नमूद केलेले भाग वगळता, ‘सीसी बाय’ या केवळ श्रेयाची अट घालणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. म्हणजे दुसऱ्या पाठाच्या जागी भारतीय कायद्यावरचा पाठ घालून मराठी आवृत्ती काढायची झाल्यास वेगळी परवानगी लागत नाही, फक्त श्रेय द्यावे लागते, परवान्याचा दुवा जोडावा लागतो आणि बदल केल्याचे नमूद करावे लागते.