फिरते तारांगण: अणुचाचण्या टिपणाऱ्या उपग्रहांचा कार्यक्रम

लोणार परिसरातील आमच्या शाळेने मार्चमध्ये विद्यार्थ्यामागे ४० रुपये भरून एक फिरते तारांगण, म्हणजे हवा भरून उभा करायचा आणि आतून आकाश दाखवणारा घुमट, बोलावले होते. नेहमीच्या ग्रहताऱ्यांऐवजी आम्ही अणुचाचण्या टिपणाऱ्या उपग्रहांचा कार्यक्रम निवडला, आणि ती निवड योग्यच ठरली.

हवेत अणुस्फोट झाला की पहिली लखलख सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढी टिकते. मग आघातलहरीने तापलेली हवा आतल्या अग्निगोळ्याला झाकून टाकते आणि ती निवळू लागली की दुसरी, अधिक लांबलेली लखलख दिसते. उपग्रहावरचा प्रकाशसंवेदक हीच दोन शिखरे शोधतो. हे ऐकताच सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आमच्या वावरात ईज पडते, थेही उपग्रहाले अणुस्फोट वाटत असन काय?” निवेदकाने प्रश्न टाळला नाही. त्याने दोन्हींचे आलेख घुमटावर शेजारी शेजारी दाखवले, आणि विजेच्या आलेखात तो ठरावीक आकार नाही हे सतरंजीवर पाठ टेकलेल्या मुलांनी वर बोट धरून स्वतःच ओळखले.

हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्यांना बंदी घालणाऱ्या १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर, अशा चाचण्यांवर नजर ठेवायला अमेरिकेने सोडलेल्या व्हेला उपग्रहांची हकिकतही मन लावून सांगितली. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी टिपलेला गॅमा किरणांचा (अतिशय ऊर्जावान, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा) झोत अणुस्फोटाशी जुळेना. तो दूर अवकाशातून आला होता, आणि अशा झोतांवरचे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहानेही असे झोत टिपले आहेत, हे मात्र एका वाक्यात उरकले, याची रुखरुख वाटते.

खरी उणीव पुढे आहे. पोखरणच्या १९७४ आणि १९९८ च्या चाचण्या जमिनीखाली झाल्या. तिथे ही लखलख आकाशातून दिसतच नाही, भूकंपमापकांवर विसंबावे लागते. त्याचा उल्लेखच न झाल्याने उपग्रहाला सगळे दिसते असा समज घेऊन मुले बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी मला ते फळ्यावर समजावावे लागले.

दुसऱ्या खेळाच्या मध्येच वीज गेली, हवा भरणारा पंखा थांबला आणि घुमट मुलांच्या डोक्यावर उतरू लागला. तारांगणवाल्यांकडे जनरेटर नव्हता; गावातल्या मंडपवाल्याकडून तो आणेपर्यंत अर्धा तास गेला. बोलावणाऱ्या शाळांनी ही सोय आधीच ठरवून घ्यावी आणि वेळ सकाळचीच मागावी, कारण अकरानंतर आत उकाडा सोसवत नाही.

येत्या थंडीत नववी-दहावीसाठी आम्ही त्यांना पुन्हा बोलावणार आहोत. भूमिगत चाचण्यांचा भाग घालावा, अशी विनंती लेखी दिली आहे.