दोन सेन्सरवाला माइन डिटेक्टर – तीन आठवडे वापरल्यावर

सुरुंग शोधून काढायच्या ट्रेनिंगमध्ये तीन आठवडे हातात होता म्हणून लिहितोय. लेनमध्ये, म्हणजे सरावासाठी आखलेल्या पट्ट्यात, पुरलेले सुरुंग डमी होते, स्फोटकं काढलेले, त्यामुळे मला शूरवीर वगैरे समजू नका. कंपनीचं नाव देत नाही, खाली थोडी तक्रार आहे.

साधा मेटल डिटेक्टर बहुतेकांना माहीत असतो, कॉईलमधून चुंबकीय क्षेत्र सोडायचं, खाली धातू असला की बीप. युझेफ कोसाकी नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात असा हातात धरायचा डिटेक्टर बनवला, १९४२ ला अल अलामीनला ब्रिटिशांनी तो वापरला, आणि मूळ आयडिया आजही तीच आहे. पण नंतर सुरुंग प्लॅस्टिकचे झाले, आत धातू म्हणजे एखादी बारीकशी पिन नाहीतर डेटोनेटरचं टोपण, बास. तेवढं पकडायला सेन्सिटिव्हिटी वाढवली की खिळे, गोळ्यांची पुंगळी, बाटलीचं झाकण, तारेचा तुकडा सगळंच ओरडायला लागतं, आणि जिथे लढाई झालीय तिथे जमिनीत दुसरं असतं तरी काय! प्रत्येक बीपला गुडघ्यावर बसून बाजूने हळूहळू माती उकरत जायचं आणि शेवटी हातात गंजका खिळा. विसाव्या खिळ्यानंतर माणूस कंटाळतो, आणि खरा धोका तिथेच.

तर या मशीनमध्ये त्याच हेडमध्ये जमिनीत घुसणारं रडारपण आहे. मातीपेक्षा वेगळं काही खाली असेल, प्लॅस्टिक का असेना, तर त्यावरून लहरी परत येतात. हेडफोनमध्ये धातूचा आवाज वेगळा, रडारचा वेगळा. दोन्ही एकदम वाजले की अंगावर काटा येतो, खरंच, डमी आहे हे माहीत असून. नुसता धातू वाजला आणि रडार गप्प, तर बहुतेक भंगार. पहिला आठवडा मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे, दुसऱ्या आठवड्यात कान बसला आणि मग मजा यायला लागली.

आता रडगाणं. ओल्या चिकणमातीत रडार जवळजवळ आंधळं होतं, पाऊस पडून गेला की सरळ जाणवतं. मुळं, दगड, उंदरांची बिळं यांनाही ते सिग्नल देतं. लोह जास्त असलेल्या तांबड्या मातीत धातूची बाजू कुरकुरते, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचाच सिग्नल मशीनने सोडून द्यावा म्हणून करायची जुळवणी, परत परत करावा लागतो. हेड जमिनीपासून सारख्या उंचीवर फिरवायचं, म्हणजे आधी गवत कापा, आणि अर्ध्या तासात हात भरून येतो. हेल्मेटच्या काचेमागे घाम, तो वेगळाच.

आणि 'बहुतेक भंगार' यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न राहतोच. आमच्या ट्रेनरनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की इथे प्रत्येक सिग्नल खणायचा, मशीन काहीही म्हणो. मग दोन सेन्सर कशाला असं मला वाटलं होतं, पण उकरायच्या आधी खाली काय असू शकतं याचा अंदाज असला की हात वेगळा चालतो, हे स्वतः केल्यावरच कळलं.

मध्येच एक सांगतो, वासावरून सुरुंग शोधणाऱ्या उंदरांबद्दल वाचलं असेलच. कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये शौर्याचं सुवर्णपदक मिळालं, ७१ सुरुंग आणि ३८ न फुटलेली स्फोटकं त्याच्या नावावर आहेत. तो २०२२ मध्ये गेला. अशा उंदराला खिळ्याशी देणंघेणं नाही, तो थेट स्फोटकाचा वास घेतो, टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात, आणि वजन इतकं कमी की सुरुंग फुटत नाही. पण त्याने खुणावल्यावर तिथे जाऊन खात्री करायला माणूस आणि डिटेक्टर लागतोच. म्हणजे नोकरी शाबूत आहे.

तक्रार हेडफोनच्या वायरीची. तीन आठवड्यांत दोनदा कनेक्टरपाशी तुटली, ज्या मशीनमध्ये सगळं कानावर चालतं तिथे ही गोष्ट? दुसऱ्यांदा चिकटपट्टी लावून दिवस काढला, अर्थात डमी लेनवर, खरे सुरुंग असलेल्या जागी मी ते मशीन खालीच ठेवलं असतं. पाचपैकी साडेतीन स्टार, वायर बदलली तर साडेचार.