पेंटबॉल खेळायला निघालो आणि 37,299 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकला, कारण ही गोष्ट ज्याला ज्याला सांगितली त्याने मधेच "पण गेले किती?" असं विचारलंच. तर 37,299. यातले 11,050 रुपये ऑफिसातल्या तेरा जणांनी माझ्या भरवशावर दिलेले होते. ते मी ज्याचे त्याला परत केले, त्यामुळे हिशेबाला सगळे माझेच गेले. अब्रू गेली ती वेगळी.

पेंटबॉल म्हणजे रंगाने भरलेले छोटे बॉल एकमेकांवर उडवायचा खेळ. आमच्यापैकी कुणीच तो आधी खेळलेलं नव्हतं. "तू नीट चौकशी करतेस" असं म्हणून सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात घातली गेली, आणि मला ते आवडलंही. खोटं कशाला बोलू. तीन रात्री जागून मी वाचत बसले. बॉल 0.68 इंचाचा, म्हणजे साधारण 17 मिलिमीटर. वरचं कवच जिलेटिनचं, आतला रंग पाण्याने धुऊन जाणारा. ज्यातून तो उडवतात त्याला बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात, कारण सुरुवातीची हत्यारं झाडांवर आणि गुरांवर खूण करण्यासाठी बनवलेली होती. पहिला खेळ 27 जून 1981 ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या जंगलात झाला, बारा जण होते, आणि जिंकला तो एकही गोळी न झाडता. हे मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवत होते. आता आठवलं की कान गरम होतात.

सगळ्यात जास्त वाचलं ते सुरक्षेबद्दल. बॉलचा वेग सेकंदाला 300 फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही. अनेक मैदानं तर 280 वरच थांबवतात, आणि खेळाआधी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, प्रत्येक मार्कर तपासतात. मास्क पेंटबॉलचाच हवा. कारखान्यातला गॉगल नाही, पोहण्याचा नाही, एअरसॉफ्टचाही (प्लास्टिकच्या छऱ्यांचा खेळ) नाही. मैदानात असेपर्यंत तो डोळ्यांवरून हलवायचा नाही, आतून वाफ धरली तरी नाही, घाम पुसायलाही नाही. उगाच नाही हे, या वेगाचा बॉल उघड्या डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो. मैदानाबाहेर आलं की मार्करच्या नळीवर कापडी टोपी. एवढं सगळं मला पाठ होतं. पुढे हेच लागणार आहे म्हणून सांगते.

जाहिरात मोबाइलवर समोर आली. मैदानाचे फोटो, व्हिडिओ, खाली "पहिल्यांदा खेळताय? सगळं आमच्यावर सोपवा." अशी पानं कशी बनवतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण मैदान खरं होतं! नकाशावर होतं, लोकांचे अभिप्राय होते. फक्त जाहिरातीतला फोन नंबर मैदानाचा नव्हता. नंबर नकाशावरच्या नोंदीशी ताडून बघा. दोन मिनिटं लागतात. मी तीन रात्री बॉलचा व्यास वाचला आणि ही दोन मिनिटं दिली नाहीत.

फोनवरचा माणूस गोड. माणशी 850 रुपये, त्यात मार्कर, मास्क, अंगरखा आणि शंभर बॉल. चौदा जणांचे 11,900. जागा धरून ठेवायला 2,000 लगेच पाठवले, उरलेले 9,900 दोन दिवसांनी. इथपर्यंत मी स्वतःला दोष देत नाही. कुठेही आगाऊ पैसे मागतातच.

आता तो क्षण. पैसे पाठवायच्या आधीचाच.

मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे मार्करचा वेग किती ठेवता?" तो एका दमात म्हणाला, "मॅडम, फुल पॉवर. 500 एफपीएस."

सेकंदाला पाचशे फूट! कुठलंही धड मैदान पाचशेवर माणसांना एकमेकांवर बॉल मारू देणार नाही. तिथेच फोन ठेवायला हवा होता. आणि मी काय केलं? त्याला शिकवलं. "अहो, तीनशेच्या वर चालत नाही," म्हणून क्रोनोग्राफबद्दल सांगितलं, मास्कबद्दल सांगितलं, चांगली पाच मिनिटं. तो ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "वा मॅडम! इतकी माहिती असलेलं गिऱ्हाईक आम्हाला आजवर मिळालं नव्हतं." मी फुलले. त्याला काही येत नाही हे मला कळलं होतं, पण त्याचा अर्थ मी असा लावला की हा नुसता बुकिंग घेणारा पोऱ्या आहे आणि मी हुशार आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने "आमच्या ग्राहकांचे" फोटो पाठवले. भर मैदानात, आडोशांच्या मधे उभे, मास्क कपाळावर सरकवलेले, आणि नळीवर टोपी एकाच्याही नाही. मला ते खटकलं. शप्पथ खटकलं. मग मीच मनात म्हणाले, फोटोपुरते वर केले असतील. चोराला खोटं बोलायची गरजच पडली नाही हो, त्याच्या वाटचं मीच बोलत होते.

शुक्रवारी रात्री पुन्हा फोन. साहित्याचं डिपॉझिट, माणशी 1,000, खेळ संपला की जागेवर परत. हे 14,000 मी माझ्या खात्यातून पाठवले, कारण परत मिळणाऱ्या पैशांसाठी पुन्हा सगळ्यांकडे हात कुठे पसरायचा? त्याच फोनवर तो म्हणाला, "ताई, शंभर बॉल दहा मिनिटांत संपतात, पेटी घेऊन ठेवा, 2,000 बॉल, 6,400 रुपये." यातलं पहिलं वाक्य खरं आहे बरं का. नवखा माणूस घाबरून बोट सोडतच नाही, आणि मार्करवरच्या डब्यात दोनशेच्या आसपास बॉल मावतात ते बघता बघता रिकामे होतात. फसवणाऱ्याच्या बोलण्यात असं एखादं खरं वाक्य असतंच. पण बहुतेक मैदानांवर बॉल तिथलेच घ्यावे लागतात, आणि हवे तेव्हा काउंटरवर मिळतात. शिवाय बॉल दमट हवेत फुगतात, जुने झाले की आकार बिघडतो, म्हणून साठा करून ठेवायची ती वस्तूच नाही. हेही वाचलेलं होतं मी! पाठवले 6,400.

आणि हो, मॅडमची मी ताई कधी झाले ते बघा. पैसे वाढले तसं नातं वाढलं.

रविवारी सकाळी चौदा जण फाटकावर. पूर्ण बाह्यांचे शर्ट, घोट्यापर्यंतचे बूट, गळ्याला रुमाल, सगळं माझ्या यादीबरहुकूम. आतल्या व्यवस्थापकाने वही पाहिली आणि म्हणाला, "या नावाने काही नाही." त्याला स्क्रीनशॉट दाखवले. त्याने सुस्कारा टाकला. "हा आमचा नंबर नाही. या महिन्यात तुमचा तिसरा ग्रुप." तिसरा! मग फाटकावर एक पाटी लावायला काय झालं होतं? विचारलं तर म्हणे, "पाटी लावली की आमच्याकडेच संशयाने बघतात." त्यांच्याकडे डिपॉझिटही नसतं. येऊन संमतीपत्रावर सही करायची, पैसे भरायचे, साहित्य घ्यायचं. पहिल्यांदा खेळणाऱ्याला विकत काहीच घ्यावं लागत नाही, म्हणजे सोबत फक्त जुने कपडे आणायचे. त्यामुळे घरबसल्या कुणी किट, पेटी, विमा असलं काही विकायला लागला तर फोन ठेवा.

मी त्या नंबरला फोन लावला, आणि त्याने उचलला. हे मला अजून झेपत नाही. "ताई, तो व्यवस्थापक नवीन आहे, त्याला माहीत नाही. वाद नको, मी पूर्ण 32,300 परत करतो. कोड पाठवलाय, स्कॅन करा." समोर तेरा जण माझ्या तोंडाकडे बघत उभे. कुणीतरी "मिळतायत का?" असं विचारत होतं. मी स्कॅन केला. 4,999 ची रक्कम आली, तो म्हणाला ही पडताळणी, एकत्रच परत येईल, आणि मी पिन टाकला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे मी माझ्या आईला शिकवलेलं आहे. मला मूर्ख म्हणायचं तर म्हणा, पण आधी तेरा जणांसमोर तसं उभं राहून बघा. त्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच त्याने रविवार सकाळची वेळ राखून फोन चालू ठेवला होता.

आता पुढचं. सायबर हेल्पलाइनला तिथूनच फोन केला, कारण पैसे चोराच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात, मिनिटामिनिटाला किंमत असते. चाळीस मिनिटं सुरावट ऐकली. मग एकाने तक्रार घेतली आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक मागितला. पाच व्यवहार, पाच लांबलचक क्रमांक, चौथ्याला फोन कटला. पुन्हा पहिल्यापासून. (पैसे पाठवताना क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. चोरासाठी नाही, हेल्पलाइनसाठी.)

बँक म्हणाली, पोलिसांची पोचपावती आणा. पोलीस ठाणं म्हणालं, बँकेचा शिक्क्याचा उतारा आणा. उतारा घेऊन गेले तर हद्द वेगळी निघाली, मैदान दुसऱ्या ठाण्यात येतं. दुसरं ठाणं म्हणालं, पैसे तुम्ही घरून पाठवलेत ना, मग घराजवळचं ठाणं. मी म्हटलं, शेवटचे 4,999 मैदानाच्या फाटकावरून गेले. "मग तेवढ्याची इथे द्या, बाकीची तिकडे." अर्धा दिवस रजा, असे चार अर्धे दिवस. बँकेतल्या बाईंनी तर माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग फसवणूक कशी?" बाई, हातचलाखीने खिसा कापला असता तर खिसा माझाच होता असं म्हणाला असता का?

आणि जबाब. हवालदारांनी विचारलं, "काय भाड्याने घेत होता?" मी म्हटलं, पेंटबॉल मार्कर. "म्हणजे?" म्हटलं, बंदुकीसारखं असतं. त्यांनी पेन खाली ठेवला. "बंदुका? चौदा? कशाला?" पुढची वीस मिनिटं मी आरोपी. हवेच्या दाबावर चालतं, जिलेटिनचा बॉल असतो, खेळ आहे, सगळं सांगितलं. 1981 सुद्धा सांगितलं, काय करू. शेवटी ते म्हणाले, "बंदूक शब्द नको मग, उगाच वाढेल. मार्कर लिहितो." मी हुश्श केलं आणि न वाचता सही केली.

सही करायच्या आधी वाचा.

पाच आठवड्यांनी अर्ज शेरा मारून परत आला. जबाबात "भाड्याने घेतलेले 14 नग मार्कर पेन" असं आहे आणि वर शेरा आहे: पेनांसाठी 14,000 रुपये अनामत कोणत्या कारणाने दिली, अर्जदाराने खुलासा करावा. खुलासा उद्या द्यायचाय. सोबत मार्करचा फोटो जोडू की नको, हे अजून ठरत नाहीये.