चॅरिटी राइडची गाडी: सर्व्हिस सेंटर की मिस्त्री, सिंथेटिक की साधं ऑइल, ट्यूब की ट्यूबलेस

आपल्या सोलापुरातनं आता बरीच मंडळी मोटरसायकलवर चॅरिटी राइडला निघतात, कुणी रक्तदानाच्या प्रचाराला, कुणी जूनमध्ये झेडपीच्या शाळांना वह्या-दप्तरं पोचवायला, आणि ओळखीपाळखीचे लोक किलोमीटरमागं पैसे लावतात. असं करत वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर कधी होतात कळत नाही. ऑफिसला जाणाऱ्याची गाडी तेवढी फिरायला तीन-चार वर्षं घेते, त्यामुळं त्याला दिलेला सल्ला आपल्याला लागू पडत नाही.

मी कुठलीही गोष्ट निवडताना एकच बघतो. रविवारी रात्री आठला उमरग्यात किंवा झळकीत गाडी उभी राहिली तर तिथला माणूस ती चालू करून देईल का? घरच्या टूरवर गाडी बंद पडली तर लॉज घेऊन झोपता येतं, इथं पुढच्या गावात पोरं दुपारपासनं रांगेत बसवलेली असतात आणि हेडमास्तर दर दहा मिनिटाला फोन करत असतो.

सर्व्हिस सेंटर की मिस्त्री

वॉरंटी चालू आहे तोवर सर्व्हिस सेंटर, यात वाद नको. वर २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम आले, जवळपास सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या, एखादा सेन्सर बिघडला तर स्कॅनर लावल्याशिवाय नीट कळत नाही आणि तो स्कॅनर प्रत्येक मिस्त्रीकडं नसतो. जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर गणितच वेगळं, कचरा अडकला तर मोहोळपासनं हुमनाबादपर्यंत कुणीही कार्बोरेटर खोलून साफ करून देतो. म्हणून लांबच्या राइडला माझं मन अजून जुन्या गाडीकडं ओढतं, पोरं हसतात, हसू देत.

वॉरंटी संपली की मी मिस्त्रीच्या बाजूनं. सर्व्हिस सेंटरच्या बिलात चेन क्लीनिंगचे पैसे लावलेले आणि चेनवर काळ्या रानातला चिखल जसाच्या तसा, हे मी बघितलंय. मिस्त्रीसमोर स्टूल टाकून बसता येतं, जुना पार्ट हातात घेऊन बघता येतो, आणि उद्या रस्त्यात अडकलो तर तोच फोनवर सांगतो, "मालक, आधी फ्यूज बघा की". फक्त पार्ट स्वतः जेन्युइन आणून द्यायचे, आणि टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हचा गॅप, सेट करायचे असतील तर गाडी आदल्या संध्याकाळी लावून यायची, कारण ते काम गार इंजिनवरच होतं. चालवत नेली आणि लगेच करून घेतलं तर गॅप चुकलाच म्हणून समजा.

ऑइल

सगळ्यात जास्त भांडणं इथं. आधी ग्रेड (ऑइल किती घट्ट-पातळ तो आकडा), मग प्रकार, मग ब्रँड, पण लोक नेमकं उलटं करतात. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, होंडा-हिरोच्या बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू-३०, एनफिल्डच्या साडेतीनशेला १५डब्ल्यू-५०. डब्यावर जासो (JASO, जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजेच, कारण आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरायला लागतो.

मिनरल, म्हणजे साधं ऑइल स्वस्त, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, पण तीन हजार किलोमीटरच्या आसपास बदलावं लागतं. फुल सिंथेटिक दुप्पट किंवा त्याहून महाग, पण मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेलेला असताना एअर कूल्ड इंजिन दिवसभर हायवेला चालतं तेव्हा ते पातळ पडत नाही आणि पाच-सहा हजार निवांत निघतात. हिशोब केला तर वर्षाचा खर्च जवळजवळ सारखाच येतो, फरक एवढाच की राइडच्या मध्येच ऑइल बदलायची वेळ येत नाही. म्हणून गाडी बऱ्या अवस्थेत असेल तर माझं मत फुल सिंथेटिकला. पण साठ-सत्तर हजार चाललेली, सील दमलेली गाडी असेल तर सिंथेटिक झिरपायला लागू शकतं, तिथं सेमी सिंथेटिक किंवा मिनरलच बरं, आणि वाटेत टॉपअपला डबाही कुठंही मिळतो. कुठलंही घाला, रोज सकाळी गाडी सरळ उभी करून लेव्हल बघायची, साइड स्टँडवर बघून काही कळत नाही.

चेन

साधी चेन की ओ-रिंगवाली, यात मला शंकाच नाही. ओ-रिंगच्या चेनमध्ये कड्यांच्या जोडावर रबराच्या रिंगा असतात, त्यामुळं ग्रीस आतच बंद असतं, नीट जपली तर पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास जाते, साधी तिच्या निम्म्यातच ढिली पडते. साधीचा फायदा इतकाच की कुठंही मिळते.

खरा प्रश्न ल्यूबचा, म्हणजे चेनला लावायच्या तेलाचा. स्प्रे स्वच्छ, कमी उडतो, पण डबा लवकर संपतो आणि खेड्यात मिळत नाही. नव्वद नंबरचं गिअर ऑइल ट्रकच्या दुकानात कुठंही मिळतं, अर्धा लिटर महिनोन्‌महिने पुरतं, पण रिमवर उडतं आणि धूळ धरतं. मी पावसाळ्यात गिअर ऑइल, एरवी स्प्रे. दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे सोलापूर-पुणे जाऊन-येऊन झालं की एकदा. मुक्कामी पोचलं की चेन गरम असतानाच, आतल्या बाजूनं, चाक हळूहळू फिरवत, आणि इंजिन बंद ठेवून, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत बोटं गमवायची नाहीत. धुवायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोलनं ओ-रिंग कडक होतात.

चेन गेली का बघायला मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागं ओढा. अर्ध्यापेक्षा जास्त दात उघडा पडला तर किट बदला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून पूर्ण किट, नुसती चेन नको, घासलेले दात नव्या चेनला महिन्याभरात खातात. क्लिपवाली लिंक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला. आणि वह्यांची पोती बांधून डबल सीट जाणार असाल तर चेन जास्त टाइट करू नका, वजनानं ती आणखी ताणते.

टायर

आपल्याकडं वेडी बाभूळ प्रत्येक बांधावर, शिवाय कारखाने चालू झाले की ट्रॉल्यांमधनं पडलेला ऊस, खिळे, तारा, काय काय रस्त्यावर. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तरी हवा हळू जाते, भोकात रबराची स्ट्रिप घालून दहा मिनिटांत निघता येतं, चाक खोलायला नको. एवढ्यावरच ट्यूबलेस जिंकलं असतं, पण ट्यूबलेस बहुतेक अलॉय चाकावर असतो, खड्ड्यात तो अलॉय वाकला किंवा तडकला तर गावातला कुणी काही करू शकत नाही, तारांचा रिम मात्र ठोकून, तारा आवळून घरापर्यंत नेता येतो. पुणे-हैदराबाद हायवेनंच जाणार असाल तर ट्यूबलेस. मंगळवेढा-सांगोल्याच्या आतल्या वस्त्यांवर जाणार असाल तर तारांची चाकं, एक जादा ट्यूब आणि ती बदलता येणारा एक माणूस ग्रुपमध्ये.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणणारे लोक प्रत्येक पंपावर भेटतात, ऐकू नका. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्तच तापतो. सकाळी गार टायरवर, सामानासाठी मॅन्युअलमध्ये दिलेलं प्रेशर भरायचं आणि दुपारी तापल्यावर सोडायचं नाही.

बाकीचं पटकन

ब्रेक पॅड राइडच्या आधी अर्धे संपलेले असतील तर बदलून टाका, जुने घरी ठेवा, गावात फिरायला चालतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. एअर फिल्टर मॅन्युअलपेक्षा लवकर, आपल्या धुळीला कंपनीचा आकडा पुरत नाही. आणि हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातनं, लोकांनी दिलेल्या पैशातनं एक रुपयाही नाही, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही.

क्लच केबल जादा घेता ती पिशवीत ठेवू नका. जुन्या केबलच्या शेजारनंच टाकीखालनं ओवून झिप टायनं बांधून ठेवा, तुटली तर टाकी न काढता दोन्ही टोकं अडकवली की झालं.