सगळं स्वतः बनवावं की वाटून घ्यावं?

अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 साली मांडलेलं उदाहरण घेऊ. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला 100 माणसांचं वर्षभराचं श्रम लागतं, तर ठरावीक वाइनला 120 माणसांचं. पोर्तुगालला तेवढ्याच कामासाठी अनुक्रमे 90 आणि 80 माणसं पुरतात. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस.

दोघांनी दोन्ही वस्तू घरीच केल्या तर इंग्लंडला 220 आणि पोर्तुगालला 170 माणसं लागतात. त्याऐवजी इंग्लंडने दुप्पट कापड विणलं, पोर्तुगालने दुप्पट वाइन केली आणि एकास एक अदलाबदल केली, तर 200 आणि 160 माणसांत तेवढंच भागतं. वाचलेली 30 माणसं दुसऱ्या कामाला मोकळी! मला हे आजही विलक्षण वाटतं, कारण कोण सरस यापेक्षा कशासाठी काय सोडावं लागतं, हे इथे निर्णायक ठरतं. एका कापडासाठी पोर्तुगाल एकापेक्षा थोडी जास्त वाइन गमावतो (नेमकं 1.125), इंग्लंड फक्त 0.83.

माझा कौल व्यापारालाच. पण पोर्तुगालच्या विणकराचं काय? देशाचा फायदा त्याच्या घरी आपोआप पोहोचत नाही. नवं काम शिकेपर्यंत त्याला आधार द्यावाच लागतो.